अर्ध्या टेबलाचे चारशे डॉलर

नोंदणीच्या काउंटरवरच्या मुलीने माझं नाव यादीत तीनदा शोधलं. आधी आडनावाने, मग पहिल्या नावाने, मग मी चित्रांखाली जी सही करते त्या नावाने. माझ्यामागे रांग वाढत होती. ढकलगाडीवर दोन मोठे डबे होते: लॅमिनेटर, मार्करचे संच, दीडशे प्रिंट, प्रिंट टांगायची घडीची जाळी. "डी-१४ म्हणालात ना?" तिने पुन्हा विचारलं आणि यादीच माझ्याकडे वळवली. डी-१४ समोर दुसऱ्या बाईंचं नाव होतं, आणि त्या सकाळीच येऊन दुकान मांडून बसल्या होत्या.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली, चित्रं काढणारी आपली मुलंमुली हल्ली मला विचारतात की फरी संमेलनात माल विकायला टेबल कसं मिळवायचं. ते सांगण्याआधी मी टेबल कसं गमावलं ते सांगितलं पाहिजे.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसांसारखे वागणारे-बोलणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात ते फरी. पंचतंत्रातले कोल्हे-सिंह ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. प्रत्येकाचं आपलं असं एक प्राणीपात्र असतं, त्याला फर्सोना म्हणतात. काही जण त्या पात्राचा अंगभर पोशाख शिवून घेतात, त्याला हजारो डॉलर पडतात. बाकीचे त्याचं चित्र काढून घेतात. म्हणून या मंडळींत चित्रकाराला जो मान आहे तो मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तुमच्या मनातला प्राणी कागदावर उतरवून दिला तर समोरचा माणूस खरोखर रडतो, हे मी बघितलंय.

या संमेलनांची सुरुवात कॅलिफोर्नियात १९८९ साली झाली. आज सर्वांत गाजलेल्यांपैकी एक म्हणजे अँथ्रोकॉन. ते १९९७ मध्ये ऑल्बनीत सुरू झालं आणि २००६ पासून पिट्सबर्गला भरतं. आम्ही ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहतो, तिथून गाडीने तीन तास. २०२३ मध्ये मी नुसती बघायला गेले. त्या वर्षी १३ हजारांहून जास्त लोक आले होते. पोशाखातल्या लोकांची मिरवणूक निघाली तेव्हा शहरातले आजी-आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन कडेला उभे होते. उन्हात, त्या जाड फरच्या आत घामाने निथळत असलेले लांडगे आणि कोल्हे मुलांना टाळ्या देत होते. मी तिथेच ठरवलं की पुढच्या वर्षी आपण टेबल लावायचं.

मी आपल्याकडचे प्राणी काढते. तरस, खवल्या मांजर, आणि सगळ्यांत जास्त शेकरू. बॅज म्हणजे ग्राहकाच्या पात्राचं चित्र आणि खाली नाव, लॅमिनेट करून गळ्यात अडकवायचं. शेकरूच्या पाठीचा तो गडद, जांभळट तपकिरी रंग मला तीन मार्कर एकावर एक चढवून मिळतो, आणि शेपटीचं टोक फिकट ठेवायला कागद कोरा सोडावा लागतो. हे तासन्‌तास करत मी हिवाळाभर माल तयार केला.

आता टेबलाचं. मोठ्या संमेलनांत विक्रीचं दालन असतं, त्याला डीलर्स डेन म्हणतात. त्यासाठी कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज टेबलांपेक्षा कितीतरी जास्त येतात. आमच्या घरापासून पाच तासांवर भरणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संमेलनात मी अर्ज केला. नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. माझा नंबर प्रतीक्षायादीत लागला. मी खट्टू झाले आणि हे फरी कलाकारांच्या टेलिग्राम गटात लिहिलं. तिथेच चुकलं. मला टेबल हवंय आणि मिळालेलं नाही, हे मी अनोळखी लोकांना आपणहून सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी एकाचा निरोप आला. त्याच्याकडे पूर्ण टेबल आहे, सोबतीचा कलाकार ऐन वेळी गळाला, अर्धं टेबल १८० डॉलरला देईन. हॉटेलच्या खोलीतही एक पलंग रिकामा आहे, तीन रात्रींचे २२०. त्याने आपल्या चित्रांची गॅलरी पाठवली. सुरेख काम होतं. घाई अजिबात केली नाही, उलट "घरी विचारून सांगा" म्हणाला. फसवणारा माणूस घाई करतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं, त्यामुळे त्याच्या या सबुरीनेच मी निर्धास्त झाले. आठवडाभर आम्ही मार्कर, कागद, कुणाचं लॅमिनेटर चांगलं, असल्या गप्पा मारत होतो.

मग आयोजकांच्या ईमेलचा स्क्रीनशॉट आला. त्यावर संमेलनाचं बोधचिन्ह होतं, टेबल क्रमांक डी-१४, आणि खाली तारीख. पैसे पेपालवर "फ्रेंड्स अँड फॅमिली"मधून पाठवा, म्हणजे फी कापली जाणार नाही, असं तो म्हणाला. मी पाठवले. वर सहायकाच्या प्रवेशाच्या बॅजसाठी ओळखपत्र लागतं म्हणून त्याने ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो मागितला. तोही दिला.

नंतर घरी बसून तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. तारीख गुरुवारची लिहिली होती, आणि कॅलेंडरात तो दिवस मंगळवार होता. पाच सेकंदांचं काम होतं.

त्या दिवशी काउंटरवरून विक्रेत्यांचं काम बघणाऱ्या प्रमुखांना बोलावलं. त्यांनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. टेबल कुणाबरोबर वाटून घ्यायचं असेल तर दुसऱ्या माणसाचं नाव आधी आमच्याकडे नोंदवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या नियमांत लिहिलेली होती. मी नियम वाचले होते, पण माझा स्वतःचा अर्ज करताना. दुसऱ्याचं टेबल घेताना पुन्हा उघडले नाहीत. गॅलरीतली चित्रं ज्या बाईंची होती त्या चार ओळी पलीकडे बसल्या होत्या. मी दाखवल्यावर त्या पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या नावावर कुणी तरी फसवणूक चालवतंय हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

हॉटेलात अर्थातच खोली नव्हती.

रात्री आईला फोन केला. आईने डोंबिवलीत वीस वर्षं दिवाळीच्या प्रदर्शनांत पणत्या आणि तोरणांचा स्टॉल लावलाय. तिने ओरडण्याऐवजी एकच विचारलं, "अगं, पावती कुणाची होती? हॉल ज्याचा, पावती त्याचीच घ्यायची असते ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला इंग्रजी संमेलन, फरी, टेलिग्राम यातलं काही ठाऊक नाही, तरी नेमकी जागा तिने दाखवली. माझ्याकडे जे होतं ते विकणाऱ्याने दाखवलेलं होतं. आयोजकांना मी स्वतः एक ओळीची ईमेल केली असती, तर चारशे डॉलर आणि लायसन्स दोन्ही वाचलं असतं.

पैसे परत मिळाले नाहीत. पेपालचं खरेदीदाराला असलेलं संरक्षण "फ्रेंड्स अँड फॅमिली"ला लागू नसतं. तो पर्याय ओळखीच्यांना पैसे द्यायला आहे. दोन-चार टक्के वाचतात म्हणून कुणी तो मागत असेल तर तिथेच थांबा. फी तुम्ही भरा, पण "गुड्स अँड सर्व्हिसेस"नेच द्या. लायसन्सचं मात्र काहीतरी करता आलं. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे मी त्याच रात्री क्रेडिट फ्रीझ केलं. २०१८ पासून ते अमेरिकेत फुकट करून मिळतं, आणि फ्रीझ असताना तुमच्या नावावर नवं कर्ज किंवा कार्ड काढणं फार अवघड जातं. एफबीआयच्या आयसी-३ या तक्रारकेंद्राकडे आणि ग्राहकांच्या फसवणुकीचं काम बघणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडेही तक्रार नोंदवली. चारशे डॉलरसाठी कुणी धावत येणार नाही हे मला कळतं, पण तोच माणूस दहा जणांना फसवत असेल तर दहा तक्रारी एकत्र दिसायला हव्यात.

आणखी एक, आपल्या मुलांसाठी मुद्दाम. माझ्याकडे कामाचा परवाना होता. तुम्ही विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर टेबल लावून माल विकणं हे विनापरवाना काम ठरू शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा. फसवणाऱ्याला हेही ठाऊक असतं, की असा माणूस तक्रार करायला घाबरेल.

त्या संमेलनात आर्टिस्ट्स ॲलीही होती, म्हणजे चित्रकारांनी बसून चित्रं काढून द्यायची वेगळी जागा. तिथे जागा रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटत होते. शनिवारी माझी चिठ्ठी निघाली नाही. रविवारी निघाली. दीड हात रुंद जागा, एक खुर्ची. सात बॅज काढले, त्यातले दोन शेकरूचे.

परवा टेलिग्रामवर त्याच धाटणीचा निरोप एका पुण्याच्या मुलीला आला. नाव वेगळं, संमेलन वेगळं, "घरी विचारून सांगा" मात्र तेच. तिने मला पाठवला. आम्ही दोघींनी मिळून त्या संमेलनाच्या विक्रेता विभागाला टेबल क्रमांक लिहून ईमेल केली. पाऊण तासात उत्तर आलं: त्या क्रमांकाचं टेबलच आमच्या दालनात नाही.