शेवटचे सहा अंक गिळणारं कॅल्क्युलेटर ॲप (५ पैकी ३ तारे)

कुठलाही नवा कॅल्क्युलेटर हातात आला की मी त्याला एकच गणित घालतो: २ चा ६७ वा घात, वजा १. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी. माझ्या फोनमधला आधीचा कॅल्क्युलेटर इथे १.४७५ वगैरे दाखवून मोकळा व्हायचा. एक वजा केला काय नि नाही काय, त्याला सगळं सारखंच. म्हणून ‘कितीही मोठी पूर्ण संख्या चालेल’ हे वाचून पैसे भरून हे ॲप घेतलं.

या संख्येने भल्याभल्यांना चकवलंय. मेर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत बसवली. ती मूळ नाही, हे ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, पण त्याच्या रीतीतून अवयव मिळत नव्हते. भाग जातो हे पक्कं, कशाने जातो ते कळायला १९०३ उजाडलं. कोल या अमेरिकन गणितज्ञाने काढलेले अवयव: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. दोघांनाही १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने भागून बघा, बाकी १ च. योगायोग नाही हा. असल्या संख्येच्या प्रत्येक अवयवाला ही अट पाळावीच लागते.

ॲपने एकवीसच्या एकवीस अंक बरोबर दिले. ‘मूळ आहे का?’ दाबलं तर बोट उचलायच्या आत ‘संयुक्त’, पाठोपाठ दोन्ही अवयव. मी हट्टाने वहीत गुणाकार मांडून पडताळा घेतला. हातचे दोनदा चुकले, दोन्ही वेळा माझेच.

घोळ आहे तो ‘इतिहास’मध्ये. तिथून हेच उत्तर परत उचललं तर १४७५७३९५२५८९६७६०००००० आलं. पहिले पंधरा अंक ठेवले आणि ४१२९२७ च्या जागी सहा शून्यं! अवयव पाडले तर २ आणि ५ हजर. अहो, विषम संख्या होती ती! तक्रार केली, तर उत्तर आलं की ते फक्त दाखवण्यापुरतं गोल केलेलं असतं. दाखवण्यापुरतं असतं तर पुढच्या हिशेबात कशाला आलं असतं?

२ चा १२७ वा घात वजा १ घातला, तर ॲप म्हणतं ‘बहुधा मूळ’. ल्यूकासने ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचं १८७६ मध्येच सिद्ध केलंय, यंत्राशिवाय. तरी या ‘बहुधा’बद्दल माझी तक्रार नाही. जी चाचणी खात्री देत नाही तिच्या जोरावर ठोकून ‘मूळ’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

दोन तारे इतिहासापायी कापले. सध्या उत्तर वहीत उतरवतो आणि तिथून पुन्हा टाइप करतो, तीन-तीन अंक मोजत.