तांबीचे सात किलो: वजन उतरवण्याच्या खाद्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात, गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल, तांबीला वर्षाच्या लसीसाठी लातूरच्याच जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून भरलेली सुई बाजूला ठेवली. ३६.८ किलो. म्हणाले, "ताई, लस नंतर देऊ. आधी बसा."

तांबी आमची लॅब्राडॉर. रंग तांबूस म्हणून तांबी. वय सहा वर्षं, दुसऱ्या वर्षी पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलेलं. या ऑपरेशननंतर कुत्रीची अन्नाची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं आम्ही तिला आधीइतकंच, खरं तर आधीपेक्षा जास्त घालत होतो. गल्लीत सगळे कौतुक करायचे, कशी टुमटुमीत झालीय म्हणून. जिना चढताना तिला धाप लागायची, तर आम्ही म्हणायचो वय झालं. सहा वर्षांच्या लॅब्राडॉरचं कसलं वय होतं!

डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवर माझा हात ठेवला. बोटं रुतत गेली, हाड लागेना. मग म्हणाले, स्वतःचा तळहात पालथा करा आणि बोटांच्या मुळाशी दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत, दिसल्या नाहीत तरी चालतील. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसायला हवी. त्यांची एक ते नऊ अशी मोजणी असते. पाच म्हणजे बरोबर, आणि त्यापुढचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण दहा टक्के वजन जास्त. तांबी आठवर होती. तिचं नीट वजन ठरलं २८ किलो.

थायरॉइडची रक्त तपासणी आधी करून घेतली, कारण ती ग्रंथी मंदावली तरी वजन वाढतं. अहवाल ठीक आला. म्हणजे कारण आमच्या स्वयंपाकघरातच होतं.

त्या रात्री मी दिवसभराचं सगळं कागदावर मांडलं. सकाळी अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्याच्याच साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. दोन वेळच्या मिळून दोन ज्वारीच्या भाकरी, चारशेच्या वर. चहाच्या वेळी ग्लुकोजची बिस्किटं, सात-आठ तरी, म्हणजे दोनशे. संध्याकाळी बाजारातलं साधं कोरडं खाद्य, अंदाजानं तीनशे ग्रॅम, हजाराच्या वर. एकूण बावीसशे! आणि २८ किलोच्या कुत्र्याला बसून राहायला लागतात साधारण ८५०.

हा हिशोब मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर कुणालाही करता येतो. कुत्र्याचं जे वजन असायला हवं, आत्ता आहे ते नव्हे, ते तीनदा मांडून गुणायचं. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढायचं आणि ७० नं गुणायचं. २८ साठी उत्तर येतं ८५२. वजन उतरवायला सुरुवात तिथून करतात, पुढे काट्याकडे बघून डॉक्टर कमी-जास्त करतात.

मी म्हटलं, मग नेहमीचंच खाद्य निम्मं करते. डॉक्टर नको म्हणाले. नेहमीचं निम्मं केलं की प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजंही निम्मी होतात. वजन उतरवायच्या खाद्यात ती भरपूर ठेवून उष्मांक कमी केलेले असतात, आणि चोथा जास्त असतो म्हणून पोट भरल्यासारखं राहतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पिशवीच्या मागे एका किलोत किती कॅलरी हे छापलेलं असतं, तो आकडा बघा. आमच्या पिशवीवर तीन हजारांच्या आसपास होता. ठरलं असं की रोज २५५ ग्रॅम खाद्य आणि ८५ कॅलरींपर्यंत वरचा खाऊ. खाऊ एकूणच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही.

पहिली चूक माझीच झाली. नवीन खाद्य आठ-दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत आणायचं असतं. मी घाईनं तीन दिवसांत बदललं आणि तांबीला जुलाब लागले. दोन दिवस सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. दुसरी चूक मापाची. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या मापानं तीनदा भरून घरच्या डिजिटल काट्यावर ठेवलं, तर दर वेळी वेगळं वजन आलं, वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक. दिवसाला तीनदा घातलं तर ही चूक जवळजवळ एका भाकरीएवढी होते. माप त्याच दिवशी कपाटात गेलं.

पहिले तीन आठवडे फार कठीण गेले. ती रिकाम्या ताटलीजवळ बसून राहायची आणि माणूस दिसलं की कण्हायची. लॅब्राडॉरच्या भुकेमागे थोडं जन्मजात कारणही असतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि अशा कुत्र्यांची भूक नीट शमत नाही. तांबीत तो आहे की नाही तपासलेलं नाही, पण हे वाचल्यावर मी तिला हावरट म्हणणं सोडलं. दोनाचं जेवण तीन वेळा केलं. खाद्य ताटलीऐवजी इडलीपात्राच्या खळग्यांत पसरून द्यायला लागले. आधी मिनिटाच्या आत संपायचं, आता सात-आठ मिनिटं पुरतं. तुमच्याकडे असलं भुकेलं जनावर असेल तर हे आजच करून बघा.

खरी अडचण घरात होती. आमच्या मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जेवण तांबीला कुटका टाकल्याशिवाय सुरू होत नाही. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं, दारातल्या कुत्र्याच्या वाटची भाकर चुकवू नये. चौथ्या दिवशी मामा जेवता जेवता मला म्हणाले, "उपाशी मारायलीस काय गं लेकराला?" मी तेव्हा काही बोलले नाही. पण वजन महिनाभर जेमतेम हललं, तेव्हा पाटाखाली, सोफ्यामागे भाकरीचे चुरे सापडले.

मग एका रात्री मी त्यांना वाचलेलं सांगितलं. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाळलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आला. कमी खाणारी कुत्री सरासरीनं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचा सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. मामांनी हात धुतला आणि विचारलं, "दोन वरसं?" मी म्हटलं, "हो मामा, दोन." ते उठून अंगणात तांबीपाशी बराच वेळ बसले.

मामांनी तीस वर्षं आडतीवर मुनीमकी केलीय. दुसऱ्या दिवशी घरातला डिजिटल काटा त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला. तेव्हापासून तांबीचं खाद्य मोजायचं काम त्यांचं, आणि घालायचंही त्यांचंच. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. लाल कापडी पाठीच्या वहीत रोजमेळ ठेवतात: सकाळ ८५, दुपार ८५, सांज ८५, काकडी दोन फोडी. आठ महिन्यांत उपयोगी पडलेल्या गोष्टींत मी हे पहिलं ठेवते, खाद्याच्याही आधी. आत्यांनी दारातल्या कुत्र्याची भाकर गल्लीतल्या भटक्या कुत्रीला सुरू केली, त्यामुळे त्यांचाही नेम मोडला नाही.

वजन करायला दवाखाना लांब पडतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी शनिवारी मामा तिला मार्केट यार्डात ओळखीच्या आडतीवर नेतात. सोयाबीनचे कट्टे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर तांबी. काटा तोच, वेळ तीच, पोट रिकामं. ऑक्टोबरअखेर ३५.१ झालं, डिसेंबरच्या सुरुवातीला ३३.४. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तर उत्तम म्हणतात. आमचं एक टक्का क्वचितच भरलं, तरी उतरत होतं.

मग आली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. औशाकडच्या शेतात सगळा गोतावळा, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. तांबी एकेका पंगतीत फिरली आणि तिला कुणी नाही म्हटलं नाही. रात्री तीनदा उलटी झाली. भज्जीत लसूण असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेटही त्याला घातक. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, सुदैवानं ठीक निघालं. पण जानेवारीत काटा ३३.९ वर होता आणि पुढचे पाच आठवडे तिथंच घुटमळला. डॉक्टरांनी रोजच्या कॅलरी ७६० वर आणल्या.

त्याच सुमाराला खाद्याचा खर्चही टोचायला लागला होता. किलोला हजाराच्या घरात आणि महिन्याला साडेसात किलोच्या वर. शिवाय एकदा इथल्या दुकानात बारा दिवस माल नव्हता, ऑनलाइन मागवला तर सहा दिवसांनी आला. म्हणून डॉक्टरांशी बोलून निम्मं घरचं केलं. आता रोजचं असं: १३० ग्रॅम खाद्य, कातडी काढून उकडलेलं १०० ग्रॅम चिकन, एक उकडलेलं अंडं, अर्धी भाकर, आणि वाफवलेला दुधी किंवा लाल भोपळा. मीठ, तेल, फोडणी काहीच नाही. दुधी उकडण्याआधी चाखून बघते, कडू निघाला तर फेकून देते, तो माणसालाही बाधतो. चिकन-भाकरीत कॅल्शियम कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी मोजून पावडर दिलीय. ती न घालता फक्त घरचं करू नका. विकतच्या खाद्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला आणि भोपळ्यामुळे तिचं पोट भरतं.

खाद्याबद्दलच्या तक्रारीही सांगते. चोथ्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा शी होते, बाहेर न्यायला माणूस हवं. पाणी जास्त लागतं, उन्हाळ्यात तर दोन भांडी ठेवावी लागतात. पहिल्या महिन्यात पोटात वायू होत होता. केसांची चमक मात्र कमी झाली नाही, उलट वाढली असं मला वाटतं. पिल्लांना, गाभण कुत्रीला किंवा आजारी कुत्र्याला हे स्वतःच्या मनानं देऊ नका.

फिरवण्याचा वाटा मला छोटाच वाटला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर जातो, सकाळी सहाच्या आत बाहेर पडलो तरच जमतं, डांबर तापल्यावर पंजे भाजतात. रोज अर्धा तास चाललो, पण वजन उतरलं ते ताटलीतूनच.

मामांचे एक पाहुणे कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळतात. ते परवा आले, तांबीच्या कमरेवरून हात फिरवून म्हणाले, "आता कुत्रं दिसायलंय." मार्चमध्ये ३१.८, एप्रिलमध्ये ३०.६, आणि गेल्या शनिवारी २९.६. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायला जायचो तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून रडायची. मामा उशी घेऊन खाली यायचे आणि पंख्याखाली तिच्याजवळ झोपायचे. या वर्षी ती त्यांच्या आधी वर पोचते.

२८ ला अजून दीड किलो आहे. तिथं पोचलं की डॉक्टर कॅलरी हळूहळू वाढवून वजन जिथं ठरतं तो आकडा शोधणार आहेत, आणि काटा त्यानंतरही चालूच ठेवायचा आहे. मिरगाच्या आत २९ च्या खाली यावी असं मामांचं म्हणणं आहे. त्यांनी रोजमेळात तसं लिहूनही ठेवलंय.