साक्षगंध, नवरीचे फोटो की लग्नाचा दिवस: नागपुरात वेळ आणि पैसा कुठे घालावा

आमच्या घरात दोन लग्नं झाली, दोन्ही नागपुरातच. माझं मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. धाकट्या भावाचं डिसेंबरात, दुपारी सव्वाबाराला. माझ्या वेळी आम्ही प्री-वेडिंग शूटवर अख्खा दिवस आणि फोटोग्राफरच्या पॅकेजचा मोठा हिस्सा घातला आणि नवरी म्हणून माझ्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. वहिनीने उलट केलं. प्री-वेडिंग घेतलंच नाही, साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, संध्याकाळी तासभर काढला आणि लग्नाच्या सकाळी पाऊण तास फक्त स्वतःच्या फोटोंसाठी राखून ठेवला. आज पाहुणे आले की घरात तिचाच अल्बम उघडला जातो. आता मावसबहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत ठरतंय आणि तिच्यापुढे हाच प्रश्न आहे. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते.

प्री-वेडिंग की साक्षगंधालाच फोटो

प्री-वेडिंगचा खरा फायदा एकच: दोघांनाही कॅमेऱ्याची आणि फोटोग्राफरची सवय होते. स्थळ पाहून लग्न ठरलंय, भेटी चार-पाचच झाल्यात, अशा जोडीला याचा फार उपयोग होतो. शेजारी उभं राहताना हात कुठे ठेवावा हेही ज्यांना सुचत नाही, ते तीन तासांनी मोकळे झालेले मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षं ओळख असलेल्यांना मात्र त्यातून नवीन फारसं मिळत नाही.

घ्यायचंच असेल तर हिवाळ्यात आणि सकाळी घ्या. फुटाळ्यावर संध्याकाळी चौपाटीची गर्दी असते, सूर्योदयाला तलाव जवळपास तुमचाच. रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथे आणि जवळच्या खिंडसी तलावाला जायचं तर अंधारातच निघावं लागतं. जुन्या संरक्षित वास्तूंत स्टँड आणि लाइट लावून शूट करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीच विचारून ठेवा. माझी सगळ्यात आवडती जागा मात्र काटोल-कळमेश्वरकडची संत्र्याची बाग. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारापासून डिसेंबरअखेरपर्यंत झाडावर असतात, त्या हिरव्या-केशरी रंगापुढे साधा पांढरा कुर्ताही उठून दिसतो. बागमालकाला विचारूनच जा, आणि फळ तोडू नका, ते त्याचं वर्षाचं उत्पन्न आहे. मे महिन्यात बाहेरचं प्री-वेडिंग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पारा 45 च्या आसपास असताना सकाळी सातनंतर चेहऱ्यावर हसू टिकत नाही.

पुण्या-मुंबईची टीम बोलावणार असाल तर आणखी एक. नागपूर त्यांच्या बरंच पूर्वेला असल्याने इथे सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यात साडेपाच वाजून गेले की ऊन संपलंच. साडेपाचला सोनेरी उजेड मिळेल या हिशेबाने आलेली टीम अंधारात उभी राहते.

साक्षगंधाला सगळं आपोआप जमून येतं: साडी, मेकअप, दोन्हीकडची माणसं, फुलं. वेगळा दिवस, वेगळे कपडे, गाडीभाडं काही लागत नाही. फक्त पाहुणे यायच्या तासभर आधी तयार व्हायचं. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. साक्षगंधाचं काम आधी वेगळं देऊन फोटोग्राफरची परीक्षा होते. फोटो किती दिवसांत आले, आजीशी तो कसा बोलला, सावळ्या वर्णाचा चेहरा त्याने उगाच गोरा केला का, हे सगळं लग्नाआधी कळतं. लग्नाची तारीख थोडा ॲडव्हान्स देऊन धरून ठेवा, नाहीतर ऐन मुहूर्ताला तो दुसरीकडे गुंतलेला असेल.

नवरीचे फोटो

मुहूर्ताआधी घ्यावेत, आदल्या दिवशी, की नंतर कधीतरी शालू पुन्हा नेसून? नंतर कधीतरी हे सहसा होत नाही. मेंदी उतरते, चुडा निघतो, आणि उत्साहही सरतो. आदल्या दिवशी हळद असते. हळदीचा पिवळेपणा मानेवर, कानामागे आणि नखांच्या कडेला राहतो आणि कॅमेऱ्यात डोळ्यांना दिसतो त्याहून जास्त दिसतो. म्हणून माझं मत लग्नाच्याच दिवशी, मुहूर्ताआधी, पाऊण तास. त्याची तयारी मात्र दोन-तीन दिवस आधीपासून करावी लागते.

मेंदी दोन दिवस आधी काढा, कारण तिचा रंग पुढच्या दोन दिवसांत गडद होत जातो. फेशियलसारखे नवे प्रयोग शेवटच्या आठवड्यात नकोत. पार्लरवालीला सांगा की सनस्क्रीन लावायचं असेल तर फ्लॅशमध्ये पांढरं पडणारं नको. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली क्रीम फ्लॅश मारला की चेहऱ्यावर राखेसारखी दिसतात. ट्रायलच्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा, लगेच कळेल. चष्मा असेल तर काचेवर चमक येऊ न देणारं कोटिंग करून घ्या. चष्मा काढून फोटो काढणार असाल तर आदल्या रात्री काढून ठेवा, म्हणजे नाकावरचे वळ जातात.

खोलीचं महत्त्व कुणी सांगत नाही. लॉनवर नवरीला मिळणारी खोली बॅगा, आहेराची पाकिटं, डबे आणि झोपलेली लेकरं यांनी भरलेली असते. किल्ली सकाळीच घ्या, खिडकीजवळची एक भिंत मोकळी करा, खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, ट्यूबलाइट बंद करा. एवढ्यावर सुंदर फोटो येतात. आणि उन्हाळ्यात कूलर! माझ्या फोटोंचं नुकसान उन्हापेक्षा कूलरने जास्त केलं. त्याच्या थेट झोतात बसले, केस विस्कटले, दमट हवेने मेकअप चिकट झाला. कूलर चालूच ठेवा, नवरीला त्याच्या झोतातून बाजूला बसवा.

वेळ पार्लरमध्येच जातो. मेकअपवाली दोन तास म्हणाली तर तीन धरा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांमुळे अडतात. त्यापेक्षा तिलाच लॉनवर बोलावलेलं बरं.

लग्नाचा दिवस: दुपारचा मुहूर्त आणि गोरज

दुपारच्या लग्नात ऊन डोक्यावर असतं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, आणि मांडवाचं कापड लाल-केशरी असेल तर सगळे चेहरे त्याच रंगाचे होतात. मांडववाल्याला छत पांढरं किंवा फिकट ठेवायला सांगा, याला वेगळा खर्च नाही. दुपारच्या लग्नाची मोठी जमेची बाजू म्हणजे पाठवणी चार-पाचच्या मऊ उजेडात होते. भावाच्या अल्बममधले सगळ्यात जिवंत फोटो तेच आहेत.

गोरज मुहूर्ताला हवा सुसह्य असते, सजावट खुलते, पण सगळं लाइटवर अवलंबून. पत्रिकेत साडेसहा असतं आणि वरात आठपर्यंत दारात नाचत असते. म्हणून नवरीचे फोटो वरातीशी जोडू नका, सूर्याशी जोडा: हिवाळ्यात चार ते सव्वापाच, मेमध्ये साडेपाच ते साडेसहा. डीजेवाल्याचे आणि स्टेजचे निळे-जांभळे दिवे मंगलाष्टकांच्या वेळी बंद ठेवायला सांगा. निळा झालेला चेहरा नंतर कितीही दुरुस्त केला तरी नैसर्गिक होत नाही.

अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो आणि तेव्हा अक्षता आणि मोबाइल एकाच वेळी वर होतात. इथे दोन फोटोग्राफर हवेतच, एक नवरीकडे आणि एक नवरदेवाकडे तोंड करून. व्हिडिओ घेणार असाल तर गुरुजींच्या उपरण्याला कॉलर माइक लावा, नाहीतर मंगलाष्टकांऐवजी कूलरची घरघर ऐकावी लागते.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात तयारी वेगळी. त्रिशरण, पंचशील, पुष्पहार असा विधी थोडक्यात आटोपतो, त्यामुळे फोटोग्राफर आधीपासून जागेवर हवा. पांढऱ्या साडीची वीण जोरात फ्लॅश मारला की दिसेनाशी होते. फोटोग्राफरचं असं एखादं पूर्ण काम बघूनच ठरवा.

ड्रोनबद्दल थोडक्यात. विमानतळ शहरातच, सोनेगावला आहे आणि वर्धा रोडवरचे अनेक लॉन त्याच बाजूला आहेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा लाल पट्ट्यात आहे का बघा. असेल तर ड्रोनचे पैसे पॅकेजमधून वजा करून घ्या.

ठरवताना

पॅकेजमधल्या 'एक दिवस' या शब्दाने माझा घात केला. आदल्या रात्रीचं सीमांतपूजन त्यात धरलेलंच नव्हतं आणि हे आम्हाला त्या रात्री कळलं. आई-बाबांनी जावयाचे पाय धुतले त्याचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. म्हणून किती तास, कोणते विधी, काम दाखवणारा स्वतः येणार की सीझनमध्ये दुसरी टीम पाठवणार, फोटो दोन मेमरी कार्डांवर एकदम साठवले जातात का, मूळ फोटो मिळणार का, हे सगळं कागदावर घ्या. करिझ्मा अल्बमची (जाड छापील पानांचा अल्बम) पानं किती यावर घासाघीस करण्यापेक्षा हे लाखमोलाचं.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: लग्नाच्या दिवशी दुसरा फोटोग्राफर, मग नवरीचा पाऊण तास, मग साक्षगंध, आणि उरले तर प्री-वेडिंग. दोघांची ओळख अगदीच नवी असेल तर मात्र प्री-वेडिंग एक पायरी वर घ्या, छोटं, दोन तासांचं.

मावसबहिणीने गोरज मुहूर्त धरलाय, प्री-वेडिंग सोडलंय आणि घरच्यांच्या फोटोंची पंधरा गटांची यादी मामाच्या हाती दिलीय, कारण कुणाला कुठून हाक मारायची हे त्यालाच माहीत. यादीत पहिलं नाव आजीचं आहे. ती आठनंतर जागू शकत नाही, म्हणून तिचा फोटो सूर्य मावळायच्या आधी, नवरीच्या खोलीतच काढायचा ठरलाय.