जबडा दुखतोय: स्प्लिंट की ब्रेसेस?
कानापुढचा सांधा दुखायला लागला, तोंड उघडताना कट्कट् आवाज यायला लागला की बऱ्याच जणांना वाटतं दात वाकडे आहेत म्हणूनच होतंय, ब्रेसेस लावल्या की थांबेल. पण आजवरच्या अभ्यासांत दातांची ठेवण आणि या दुखण्याचा संबंध फारच कच्चा निघालाय, ब्रेसेसमुळे हे दुखणं होतं असंही नाही आणि त्यांनी बरं होतं असंही नाही.

स्प्लिंट म्हणजे रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर, झोपेत दात करकरा खाणाऱ्यांना दातांची झीज वाचवायला चांगलं, दुखणं कमी होईलच याची खात्री नाही, पण नाही जमलं तर काढून ठेवता येतं आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. फक्त मोजक्याच दातांवर बसणारं असेल आणि दिवसरात्र घातलं तर चावाच, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धतच, बदलू शकते, तेवढं सांभाळा.

ब्रेसेसना साधारण दीड-दोन वर्षं लागतात, दातांची जागा कायमची बदलते. दात सरळ हवेत, चावा नीट बसत नाही तर जरूर लावा, पण निव्वळ जबडा दुखतो म्हणून प्लीज नको, आधी दुखणं शांत होऊ द्या. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही.