काय की खाय? थायलंडला निघण्याआधी थाई किती आणि कशी शिकावी

थाई भाषेत ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. दोन्हींचा सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, एकच, स्वरही एकच. फरक फक्त क आणि ख चा. पहिल्या खेपेला माझ्याजवळ इंग्रजी अक्षरांत थाई वाक्यं दिलेलं खिशात मावणारं पुस्तक होतं आणि त्यात अंड्याचं स्पेलिंग के-ए-आय असं होतं. मी अंडं खाते, चिकन खात नाही. चिआंग माईच्या रात्रीच्या बाजारात मोठ्या ऐटीत भातावर ‘काय’ मागितलं, आणि भातावर कोंबडी आली. गाडीवाल्या बाईंची काहीच चूक नव्हती, त्यांनी मी मागितलं तेच दिलं.

तेव्हापासून कोणी विचारलं, की “आठ दिवसांसाठी जातोय, थाई शिकू का? आणि कशावरून?”, तर मी आधी उलट विचारते: जाणार कुठे आणि खाणार काय? पटाया, फुकेतचा पाटाँग किनारा, बँकॉकमधला सुखुमवित रस्ता, एवढंच असेल आणि सोबत टूरवाले असतील, तर इंग्रजीवर आरामात निभतं. नमस्कार आणि आभार एवढंच शिका आणि उरलेला वेळ बॅग भरण्यात घालवा. पण स्वतः हिंडणार असाल, रस्त्यावरच्या गाड्यांवर जेवणार असाल, किंवा घरात कोणी शाकाहारी असेल, तर पुढचं वाचा.

इंग्रजी अक्षरांतलं पुस्तक की देवनागरीतलं स्वतःचं पान

इंग्रजी अक्षरांत थाई लिहिण्याची एकच एक रीत नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर दिसते ती सरकारी रीत. तिच्यात कोंबडी के-ए-आय आणि अंडं के-एच-ए-आय. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी काढलेल्या बऱ्याच पुस्तकांत मात्र कोंबडी जी ने सुरू होते आणि अंडं के ने, कारण इंग्रजांच्या तोंडात शब्दाच्या सुरुवातीचा के जवळजवळ ख सारखाच निघतो. मेनूकार्डांवर या दोन्ही रीती गुण्यागोविंदाने नांदतात. ‘तोम खा काय’ या नारळाच्या दुधातल्या सूपमधलं के-ए-आय म्हणजे कोंबडी, आणि त्याच पानावर ऑम्लेटच्या नावातलं के-ए-आय म्हणजे अंडं! सरकारी रीतही पूर्ण नाही. तिच्यात सूर दाखवत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, आणि च व छ दोन्ही सी-एच नेच लिहितात.

इथे आपल्या लिपीचा फायदा होतो. क-ख, त-थ, प-फ, च-छ ही थाईतली नेमकी मोक्याची जागा, आणि आपल्याला ती लहानपणीच पाठ झालेली असते. ‘फेत’ म्हणजे तिखट, ‘पेत’ म्हणजे बदक. इथेही सूर एकच. इंग्रज पर्यटक याच जोडीपाशी आठवडाभर अडखळतो, आपल्याला ती एका मिनिटात जमते. दोन पथ्यं मात्र पाळायची. फ हा ‘फूल’मधला, ओठ मिटून काढलेला; ‘फॅन’मधला नाही. आणि च हा ‘चार’मधला, ‘चमचा’तला नाही.

बाजारातली किंवा फोनवर फिरणारी तयार देवनागरी यादी मिळाली, तर ती घेण्याआधी एक कसोटी लावा: ‘धन्यवाद’ला काय दिलंय ते बघा. ‘खॉप खुन’ असेल तर यादी ऐकून केलेली आहे. ‘कोब कुन’ असेल, तर ती इंग्रजीवरून उतरवलेली आहे. सरळ बाजूला ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे थाई माणसाच्या आवाजातला व्हिडिओ लावून, थांबवत थांबवत, स्वतःच्या हाताने पान लिहिणं. माझ्या पानावर हे आहे:

सवातदी – नमस्कार
खॉप खुन – धन्यवाद
खॉ थोत – माफ करा
आन नी थाव राय – हे केवढ्याला
फेंग पाय – फार महाग
माय फेत – तिखट नको
माय साय नाम प्ला – माशाचा सॉस घालू नका
हाँग नाम यू थी नाय – स्वच्छतागृह कुठे आहे
छेक बिन – बिल द्या

शेवटचा शब्द इंग्रजीच आहे. थाईत शब्दाच्या शेवटी ल टिकत नाही, त्याचा न होतो. म्हणून बिलचं बिन.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ (घाईत नुसतं ‘खप’) आणि बाईने ‘खा’ जोडायचं. ऐकणारा कोण हे महत्त्वाचं नाही, बोलणारा कोण ते महत्त्वाचं, आपल्या ‘जातो’-‘जाते’सारखंच. नवरा-बायको एकाच पानावरून पाठ करतात आणि दोघंही ‘ख्रप’ म्हणत फिरतात, असं मी पाहिलंय. लोक हसतात, पण रागावत नाहीत.

पाठांतराला संस्कृतची मदत होते. सवातदी म्हणजे स्वस्ति, खुन म्हणजे गुण, थोत म्हणजे दोष. आपल्या ग, द, भ यांचे तिथे ख, थ, फ होतात: भाषा झाली ‘फासा’. पण हीच ओळखीची वाट फसवतेही. बँकॉकचा विमानतळ कागदावर सुवर्णभूमी आहे, टॅक्सीवाल्याच्या तोंडी मात्र ‘सुवन्नफूम’. तुम्ही कितीही शुद्ध ‘सुवर्णभूमी’ म्हणालात, तरी तो मागे वळून बघतच राहील.

देवनागरी कमी पडते ती सुरांपाशी. थाईत सूर पाच. ‘क्लाय’ सपाट म्हटलं की लांब, वरून खाली सोडलं की जवळ. रस्ता विचारताना याहून वाईट जोडी सापडणार नाही. तिथे हातवारे करा. ‘माय’चंही असंच आहे: एका सुरात नकार, दुसऱ्या सुरात प्रश्न. मात्र इथे शब्दांचा क्रम सांभाळून घेतो. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको, ‘फेत माय’ म्हणजे तिखट आहे का. सूर चुकला तरी जेवण चुकत नाही.

फोन

भाषांतराचं ॲप विरुद्ध पाठ केलेलं पान, हा सामना मला खोटा वाटतो, कारण दोघांची कामंच वेगळी. मेनू किंवा औषधाच्या डबीवरचा मजकूर वाचायला कॅमेरा हवाच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती बोलून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. थाई लिपीतलं वाक्य ठळक अक्षरांत पडद्यावर तयार ठेवा आणि दाखवा. वाक्य छोटं ठेवा, आणि थाईचं पुन्हा मराठी किंवा इंग्रजी करून अर्थ तोच राहतो का ते तपासा. ॲपमध्ये थाई भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी चालेल.

पण गाडीवर तेल कडकडतंय, मागे चार माणसं उभी आहेत, आणि तुम्ही फोनमध्ये बोलताय, तो फिरतोय, मग बाईचा आवाज येतोय... तोवर भात परतून झालेला असतो आणि नाम प्ला पडलेलं असतं. तिथे तोंडात आलेलं ‘माय साय’च कामाचं. भाव करायला तर दोन्ही लागत नाही. विक्रेते स्वतःच कॅल्क्युलेटर पुढे करतात.

शिकवणी

ऑनलाइन शिक्षक किंवा पद्धतशीर ध्वनिपाठ यांचं एक काम दुसरं कोणी करू शकत नाही: तुमचा सूर चुकला की कोणीतरी टोकतं. महिनाभर राहणार असाल, कामासाठी जात असाल, तर पैसे तिथेच घाला. आठ दिवसांसाठी नको. लिपीच्या मागेही लागू नका, जरी मोह होतो. पल्लव आणि ख्मेर लिपींमार्गे ती आपल्या ब्राह्मीच्याच घराण्यातली, आणि वर्णमाला क-ख पासूनच सुरू होते. पण व्यंजनं ४४, आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत.

एकच अक्षरजोडी मात्र डोळ्यांत साठवून जा. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात लिहिलेलं ‘चे’. इंग्रजीत ते जे-ए-वाय लिहितात, म्हणून आपले लोक ‘जे’ म्हणतात. ते ‘चे’ आहे. असा झेंडा दिसेल तिथल्या जेवणात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळी सोबत असतील तर ‘किन चे’ (मी चे खातो) हे त्यांना आधी शिकवा; बटाटा-गाजर मात्र वेगळं सांगावं लागेल. दूध-अंडं चालत असेल तर शब्द ‘मांगसविरत’: आपला मांस अधिक विरती.

तर पंधरा दिवस हातात असतील, तर माझा कौल असा: रोज वीस मिनिटं देवनागरीतलं पान, आवाजासह, फोन वाचायला आणि दाखवायला, इंग्रजी अक्षरांचं पुस्तक दुकानातच. आई-बाबा टूरबरोबर जात असतील, तर त्यांना सवातदी, खॉप खुन आणि माय फेत एवढं पुरे. आणि पानाच्या पाठीमागे हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत रिसेप्शनवरून लिहून घ्यायला सांगा, पहिल्याच संध्याकाळी, फिरायला बाहेर पडण्याआधी.