संभाजीनगरातला गिगवाला कॅफे: साऊंड एक नंबर, कॉफी बोगस
हा आठवडा मित्रांसोबत नुसते लाईव्ह गिग्ज (गाण्याचे छोटे कार्यक्रम) केले, त्यात सगळ्यात भारी हाच कॅफे. शनिवारी संबळ आणि बेस गिटारची जुगलबंदी होती राव, बेसनं टेबलावरचा ग्लास थरथरायलाय अन तरी गाणाऱ्याचा शब्द न् शब्द कळायलाय, एवढं क्लिअर तर सोनेरी महालाच्या आवारात वेरूळ-अजिंठा महोत्सवाला पण ऐकलं नव्हतं (तिथं म्हणा सगळं मोकळं मैदान). खुर्च्या मात्र लग्नाच्या मांडवातल्या, कंबरडं मोडतं. कोल्ड कॉफी म्हंजे नुसतं बर्फाचं पाणी. अन नऊ वाजले तरी साऊंडचेकच चालू, मग दहाला स्पीकर बंदचा नियम म्हणून शेवटची गाणी कापली, आमचा ग्रुप लैच पेटला. जरा लवकर सुरू करा ना भाऊ! जायचं असेल तर स्टेजला चिटकून बसू नका, साऊंड मिक्सरवाल्याच्या मागं बसा.