लॅमिंग्टन रोडचं लेबल-छपाई दुकान: काम चांगलं, पण फाइल स्वतः तपासा

निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालाला लेबलं हवी असतील तर पॉलिस्टरवर रेझिन रिबनच (लेबल छापायची शाईची पट्टी) सांगा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घासला तरी अक्षर हलत नाही. स्वस्तातली वॅक्स रिबन लगेच पुसली जाते.

छपाई चोख, पण नियमांची जाण बेताचीच. सीईची (माल युरोपीय नियमांत बसतो हे सांगणाऱ्या खुणेची) उंची साधारणपणे किमान ५ मिमी लागते. जागा वाचवायला इथे ती बिनदिक्कत ४ वर आणतात, वर दोन अक्षरांमधलं अंतरही आवळतात. उपकरणावर जागाच नसेल तर सीई खोक्यावर आणि सोबतच्या कागदांवर घ्या. सुट्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या रिळावर तर नकोच, रोह्सचा (उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय नियमाचा) सीई तयार उपकरणाचा असतो. रिळाला पार्ट नंबर, लॉट नंबर आणि सोबत रोह्स घोषणापत्र द्या. भाव रास्त, पण नमुना हातात आल्याशिवाय पुढची छपाई सुरू करू देऊ नका.